गाव बदलण्यापूर्वी

(संस्थेच्या वार्षिक पालक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या वर्षात दोन वेळा कार्यालयाच्या खिडकीशी दाखला मागणाऱ्यांची गर्दी होते. एक मे-जूनमध्ये आणि दुसरी दिवाळीच्या सुटीनंतर. "सर, मुलांचे दाखले द्या, आम्ही मुंब्र्याला राहायला जातो." कोणी पनवेल सांगतो, कोणी चिपळूण, कोणी रत्नागिरी. मी विचारतो, "तिकडे शाळा कोणती पाहिली?" बहुधा उत्तर येते, "गेल्यावर बघू. तिथे शाळा पुष्कळ आहेत." ब्लॉक पाहिलेला असतो, स्वयंपाकघराचा ओटा केवढा आहे तेही पाहिलेले असते, हप्ता किती बसेल त्याचा हिशेब झालेला असतो. शाळा तेवढी पाहावयाची राहिलेली असते. आज मला जे चार शब्द सांगावयाचे आहेत ते या राहिलेल्या गोष्टीबद्दल.

स्थलांतर आपल्याला नवे नाही. कोकणच्या किनाऱ्यावरचे आपले वाडवडील जहाजांवर खलाशी म्हणून गेले, मुंबईच्या गोदीत गेले, थेट दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनपर्यंत पोहोचून तेथे त्यांनी आपली वस्ती केली. १९७० नंतर आखाती देशांचा रस्ता खुला झाला आणि गावागावांतून तरुण कुवेत, सौदी, दुबईला निघाले. पण त्या साऱ्या जाण्यात एक गोष्ट सारखीच होती. पुरुष जात असे आणि घर राहात असे. दादी, आई, मुले, दारातला फणस आणि गावची उर्दू शाळा ही जागच्या जागी असत. मनीऑर्डर येई, पुढे ड्राफ्ट येऊ लागला. आता मात्र घरच उठून निघाले आहे, आणि ते मुख्यतः मुलांच्या तालिमीसाठी निघाले आहे. शिक्षक म्हणून मला याचे समाधान वाटते. ज्या समाजावर "यांना शिक्षणाची पर्वा नाही" असा शेरा वर्षानुवर्षे मारला गेला, त्या समाजातील आई आज म्हणते की गावात आठवीच्या पुढे वर्ग नाही म्हणून आम्ही गाव सोडतो. ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु ज्या कारणासाठी घर उठते तेच कारण गाव निवडताना मागे पडते. गाव कसे ठरते ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. तिथे मामू राहतात. तिथे फुफीच्या दिराने बिल्डिंग बांधली आहे. तिथे ब्लॉक स्वस्तात मिळतो. ही कारणे खोटी आहेत असे मी म्हणत नाही. अनोळखी गावात आपले माणूस असणे हा मोठा आधार आहे, आणि कुटुंबप्रमुख परदेशी असेल तर तो आधार हवाच. माझे म्हणणे इतकेच की ही कारणे दुसऱ्या क्रमांकाची आहेत.

पहिल्या क्रमांकाची माझी कसोटी मी सरळ सांगतो. ज्या गावात तुमच्या थोरल्या मुलीची बारावी पायी जाऊन, फार तर एका एस.टी.ने किंवा एका रिक्षाने जाऊन, पुरी होईल ते गाव तुमचे. बाकी सर्व हिशेब त्यानंतर.

बारावीच का, आणि मुलीचीच का, असे आपण विचाराल. पहिली-दुसरीची सोय कोठेही होते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे प्राथमिक शाळा १ किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक शाळा ३ किलोमीटरच्या आत असावी अशी अपेक्षा आहे. हा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. तेव्हा आठवीपर्यंत तपासले तर प्रत्येक गाव पास होते. त्यावरून गावाची निवड करता येत नाही. खरा फरक पडतो नववीला आणि त्याहून जास्त अकरावीला. कायद्याचा हात तेथे सुटतो. मुलगा असेल तर तो लोकलच्या गर्दीत शिरतो, वसतिगृहात राहतो, चाचाकडे राहतो. मुलीच्या बाबतीत घरात बैठक बसते. कॉलेज दोन गाड्या बदलून आहे, परतायला मगरिब होते, सोबत कोणी नाही. आणि मग "एवढे शिकली ते पुष्कळ झाले" हे वाक्य येते. ते वाक्य म्हणणारे दुष्ट नसतात. तीच मुलगी कॉलेजपासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहात असती तर ते वाक्य त्या घरात उच्चारलेच गेले नसते, असा माझा विश्वास आहे.

शाळेतून गेलेल्या मुलामुलींचे पुढे काय होते हे शिक्षकाला एका मार्गाने कळते. दाखला आम्ही देतो, आणि मूल नव्या शाळेत दाखल झाले की त्या शाळेकडून विद्यार्थ्याची नोंद वर्ग करण्याची विनंती येते. पूर्वी ही विनंती टपालाने येत असे, हल्ली ती यूडायस प्रणालीवर संगणकातून येते. ज्या मुलाची नोंद कोठल्याच शाळेने मागितली नाही त्याचे नाव तेथे लोंबकळत राहते. जुलै संपला, ऑगस्ट गेला, तरी नाव तसेच असले की आम्ही घरी फोन करतो. "सर, चालू आहे प्रयत्न," असे उत्तर मिळते. अशी राहून गेलेली नावे मी पाहतो तेव्हा त्यांत मुलींची नावे डोळ्यांना अधिक टोचतात. हुशार मुली असतात, वक्तृत्वात बक्षीस मिळविलेल्या असतात. त्यांना गावाने अडविलेले नसते. नव्या गावात त्यांच्यासाठी कोणी अकरावी शोधलेली नसते.

मुलीला जे गाव सोयीचे तेच मुलालाही सोयीचे असते. म्हणून मुलगी हे माप धरले की मुलांवर अन्याय होतो असे कोणी समजू नये. उलट रोज दोन-तीन तास प्रवासात घालविणारा मुलगा अभ्यासात कसा मागे पडतो हे आम्ही वर्गात पाहतो.

आता माध्यमाचा प्रश्न. आपल्या घरात कोकणी बोली, मदरशात अरबी, शाळेत उर्दू आणि बाजारात मराठी, अशी चार दारे आपल्या मुलाला लहानपणापासून उघडी असतात. ही संपत्ती आहे असे मी मानतो. पण गाव बदलताना तिचा घोटाळा होतो. गावी उर्दू शाळेत सहावीत असलेले मूल, नव्या गावात उर्दू शाळा दूर आहे म्हणून इंग्रजी शाळेत टाकले जाते. दुसरीतले मूल हा बदल पचविते. सहावीतले मूल धडपडते. आठवीतल्या मुलाचा तर गणित-विज्ञानाचा पायाच हलतो, कारण विषय कळत असूनही शब्द कळत नाहीत. म्हणून माझा सल्ला असा की पाचवीच्या आत असेल तर माध्यम बदलण्याचा विचार जरूर करा; सातवीच्या पुढे मूल गेले असेल तर आहे त्याच माध्यमाची शाळा असलेले गाव शोधा आणि दहावी होऊ द्या.

येथे एक दिलासा आहे. राज्य मंडळाचा अभ्यासक्रम महाराष्ट्रभर एकच आहे. बालभारती उर्दूतही पुस्तके काढते आणि विज्ञानाचे जे प्रकरण मराठी पुस्तकात आहे तेच उर्दूत आहे. म्हणून म्हसळ्याचे मूल भिवंडीला गेले तरी धडा तोच राहतो. मंडळ बदलले की मात्र पुस्तकच बदलते, हे इंग्रजी शाळेच्या रंगीत माहितीपत्रकाला भुलण्यापूर्वी विचारून घ्यावे. आणि मराठीपासून पळण्यासाठी कोणी मंडळ बदलत असेल तर त्यांनी हेही ऐकावे की २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा झाला आहे. मराठी आपल्याला आवश्यकच आहे. स्पर्धा परीक्षा आणि सरकारी नोकरी त्याशिवाय होत नाही.

शाळा पाहावयास गेलात तर इमारत पाहू नका असे मी म्हणणार नाही, पण मुख्याध्यापकांना तीन-चार प्रश्न अवश्य विचारा. उर्दूचा वर्ग कितवीपर्यंत आहे? दहावीनंतर इथली मुले कोठे जातात? मुलींसाठी स्वच्छतागृह आहे काय, आणि त्यात पाणी आहे काय? शाळा अनुदानित आहे की विनाअनुदानित? शेवटचा प्रश्न विचारताना लोक संकोचतात. संकोचू नये. तुमच्या पुढील दहा वर्षांच्या खर्चाचे गणित या एका शब्दावर अवलंबून आहे.

मी स्वस्त गाव म्हणजे काय याबद्दल बोलतो. स्वस्त गाव म्हणजे जेथे घरभाडे कमी, असा आपला समज आहे. समजा, नाक्यापासून दूर नव्या इमारतीत भाडे सात हजार आहे आणि शाळेजवळच्या जुन्या घरात दहा हजार आहे. आपण सात हजारांचे घर घेतो आणि तीन हजार वाचविले म्हणतो. मग तीन मुलांची शाळेची व्हॅन, प्रत्येकी हजार धरली तरी वाचलेले तीन हजार तेथेच गेले. दवाखाना लांब म्हणून रिक्षा, बाजार लांब म्हणून रिक्षा. उन्हाळ्यात टँकरचे पाणी. मुले दमून येतात, आईला शिकविणे जमत नाही, म्हणून शिकवणी. वर्षाच्या अखेरीस दहा हजारांचे घर स्वस्त पडले असते असे दिसून येते. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपले आकडे आपण कागदावर मांडा. पण मांडा अवश्य, आणि बारा महिन्यांचे मांडा, एका महिन्याचे नको.

त्यात गावच्या घराचा खर्चही धरा. घर बंद केले म्हणून घरपट्टी थांबत नाही. पावसापूर्वी कौले चाळावी लागतात, आंब्याची राखण करावी लागते. दोन ईदा, लग्नकार्य, मय्यत, यासाठी सर्व कुटुंबाचे जाणे-येणे असते. एस.टी.त महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट झाले आहे, तरी पाच जणांचा प्रवास काही फुकट होत नाही. जे गाव आपल्या मूळ गावापासून दोन तासांवर आहे आणि जे आठ तासांवर आहे, त्यांच्या भाड्याची तुलना करताना हा फरक कोणी धरीत नाही.

याच्या उलट बाजूला काही सवलती आहेत आणि त्या आपल्या पुष्कळ घरांना ठाऊक नाहीत. अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क नाही. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यायेण्यासाठी एस.टी.चा मोफत पास मिळतो. तो अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने ओळखला जातो. तेव्हा काही घरांना माझा सल्ला असाही आहे की, तुम्ही गाव सोडूच नका. तालुक्याचे गाव पंधरा किलोमीटरवर आहे, सकाळची गाडी वेळेवर आहे, वाडीतल्या आणखी चार मुली बरोबर आहेत, तर पासावर बारावी होते. घर मोडून जे करावयाचे ते एका पासाने होत असेल तर घर का मोडावे?

खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखीव असतात आणि तेथे आठवीपर्यंत फी लागत नाही. ही सवलत अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू नाही, म्हणजे आपल्या संस्थांच्या शाळांत ती मागू नये. इतर शाळांत मागता येते, पण अंतर घरापासून मोजतात, आणि भाड्याचे घर असेल तर नोंदणी केलेला भाडेकरार मागतात. आपल्याकडे करार तोंडी असतो किंवा नुसत्या स्टॅम्पवर असतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी करणे आणि त्याची नोंदणी करणे बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. मालक नात्यातला असला तरी करार नोंदवून घ्या. नात्यात कागद मागणे आपल्याला अवघड वाटते, पण त्या कागदावर एका मुलाची आठ वर्षांची फी अवलंबून असू शकते.

आता जे बोलावयाचे आहे ते थोडे कडू आहे. स्वस्त ब्लॉक का स्वस्त असतो ते विचारल्याखेरीज घेऊ नका. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे बांधकाम चालू असलेली एक बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. इमारत पुरी झालेली नसताना तिच्यात कुटुंबे राहावयास आली होती, मुले होती. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडात पाच मजली इमारत कोसळली आणि १६ जण गेले. ती इमारत जुनी नव्हती, दहा वर्षांचीही नव्हती. महाड हे आपल्या रायगड-रत्नागिरीच्या लोकांचे जवळचे गाव, तेथे आपल्यातील कित्येकांची नाती आहेत. अल्लाह मृतांची मगफिरत करो. म्हणून भोगवटा प्रमाणपत्र मागा. नगरपालिकेत जाऊन नकाशा मंजूर आहे काय ते पाहा. "बिल्डर आपल्यातलाच आहे" हे प्रमाणपत्राऐवजी चालत नाही. खांबांना तडे आहेत, तळमजल्यावर दुकानासाठी भिंती पाडल्या आहेत, तर भाडे कितीही कमी असो, मुलांना घेऊन तेथे राहू नका.

तसेच पाणी. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, सावित्रीचे महाडात शिरले. २००५ च्या जुलैतही दोन्ही गावे बुडाली होती. मी चिपळूणला जाऊ नका असे म्हणत नाही, उलट पुढे मी त्या गावाची शिफारसच करणार आहे. पण घर मे महिन्यात पाहून मे महिन्यात घेऊ नका. शेजारच्या जुन्या माणसाला विचारा, २००५ साली पाणी कोठपर्यंत आले होते आणि २०२१ साली कोठपर्यंत. तो भिंतीवर हात ठेवून दाखवील. तळमजला त्या हाताच्या खाली असेल तर भाडे कमी का आहे हे तुम्हाला कळलेच.

आणखी एक गोष्ट आहे जी आपण आपसांत बोलतो, व्यासपीठावर टाळतो. काही सोसायट्यांत नाव ऐकल्याबरोबर रिकामा ब्लॉक "कालच गेला" होतो. याचे दुःख ज्यांनी भोगले त्यांनाच कळते. मुंब्रा-कौसा हा भाग १९९२-९३ च्या मुंबईच्या दंगलींनंतर इतका वाढला तो जिवाच्या सुरक्षिततेसाठी. तेथे गेलेल्यांना "वेगळे का राहता" असे विचारणे सोपे आहे. आपल्या वस्तीत आईला एकटीने वावरता येते, मशीद जवळ असते, हलालचा प्रश्न नसतो, रमजानात मुलांना एकटे वाटत नाही. हे सर्व मोलाचे आहे. पण वस्ती आपली आहे एवढ्यावर ती चांगली ठरत नाही. आपल्या वस्तीतही बारावी, डॉक्टरीण, वाचनालय, खेळावयास जागा हे प्रश्न विचारले पाहिजेत. आणि मिश्र वस्तीत घर मिळविण्याचा एक मार्ग मी पाहिला आहे. आधी शाळेत प्रवेश घ्या, मग शाळेतील शिक्षकांना व पालकांना घराविषयी सांगा. दलालाला जे घर मिळत नाही ते वर्गातल्या मुलाच्या आईच्या ओळखीने मिळते. त्या आईने तुम्हाला पाहिलेले असते.

आपण मला विचाराल, सर, एवढे बोललात, आता गाव सांगा. सर्वांना एक गाव सांगता येत नाही. तरी माझे मत लपवीत नाही.

रत्नागिरी हे जिल्ह्याचे ठिकाण. शाळा, सर्व शाखांची महाविद्यालये, शासकीय तंत्रनिकेतन, जिल्हा रुग्णालय, आणि २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही. ज्या घरात दोन-तीन मुले एकापाठोपाठ दहावीला येणार आहेत त्यांना हे गाव सर्वांत चांगले. घरे महाग आहेत आणि रेल्वे स्थानक गावाबाहेर आहे, पण एकदा गेले की पदवीपर्यंत पुन्हा हलावे लागत नाही. चिपळूण त्याखालोखाल. मोठी बाजारपेठ, शाळा-महाविद्यालये, आजूबाजूला आपल्या जुन्या वस्त्या. वडील मुंबईत नोकरीला असतील तर चिपळूण आणि खेड दोन्ही सोयीची, कारण १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून रात्रीच्या गाडीने येऊन रविवार मुलांत घालविता येतो. महाड-माणगाव-म्हसळा या पट्ट्यातील लोकांनी लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ विसरू नये. अभियांत्रिकीसाठी मुंबई गाठावी लागते असे मानणारे पालक महाडातच मला भेटतात, ही मोठी गंमत आहे.

पनवेलला शिक्षणाची सोय उत्तम आहे. नवीन पनवेलला अंजुमन-इ-इस्लामचे तांत्रिक शिक्षणाचे संकुल आहे. पण नवी मुंबईचा विमानतळ २०२५ साली सुरू झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून तेथील जमिनीचे भाव त्याच्या नावाने चढत आले आहेत, आणि एकट्या पगारावर तेथे राहणे सोपे नाही. मुंब्र्याला भाडे त्या मानाने कमी, शाळा व ज्युनिअर कॉलेजेही उभी राहिली आहेत. ज्यांना कौशातच बारावीची जागा मिळत असेल त्यांनी खुशाल जावे. ज्यांची मुले रोज लोकलने मुंबईकडे जाणार त्यांनी ९ जून २०२५ ची सकाळ आठवावी. मुंब्रा स्थानकाजवळ दारात लटकणारे प्रवासी रुळांवर पडले आणि काही जण घरी परतले नाहीत.

सारांशाने नव्हे, पण माझा कल आपल्या लक्षात आला असेल. लहान मुलांच्या कुटुंबाने आधी तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे गाव पाहावे. पुढे एखादे मूल मोठ्या शहरात जाण्याएवढे मोठे झाले की ते मूल जाईल. त्यासाठी पाच वर्षांच्या भावंडाला शहरात कोंडण्याची गरज नाही.

जाण्याची वेळ मे महिन्याची. दिवाळीनंतर निघू नका. दहावी-बारावीचे परीक्षेचे अर्ज त्याच सुमारास भरले जातात आणि मधल्या काळात आलेले मूल धड इकडचे राहात नाही, धड तिकडचे. शेवटी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसावे लागते. नववी झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर जा, दहावीच्या वर्षात जाऊ नका. नोकरीची अडचण असेल तर वडील पुढे जातील, मूल मार्चपर्यंत नानीकडे राहील. आठवीपर्यंतच्या मुलांचे एक बरे आहे. दाखला येण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. कोणी नाकारू लागले तर त्यांना हे नम्रपणे सांगावे.

निघण्यापूर्वी कागद पाहा. आपल्या नावांचा घोळ तर प्रसिद्धच आहे. जन्मदाखल्यावर मोहम्मद, आधारवर मुहम्मद, शाळेत मोहंमद. कोठे वडिलांचे नाव आहे, आडनाव नाही. कोठे गावच आडनाव झाले आहे. दहावीच्या आधी ही दुरुस्ती शाळेच्या रजिस्टरात सहज होते, प्रमाणपत्र छापून आल्यावर हेलपाटे सुरू होतात. दुसरा कागद त्याहून महत्त्वाचा. मोमीन, बागवान, पिंजारी अशा आपल्यातील कित्येक जमाती इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. त्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी आपले कुटुंब कोठे राहात होते त्याचा पुरावा लागतो, आणि तो पुरावा मुंब्र्याला किंवा पनवेलला नाही, तो दादाजानच्या शाळेच्या रजिस्टरात आणि गावच्या तलाठ्याकडे आहे. गावात आहात तोवर तो काढून ठेवा. जुलै २०२४ पासून राज्य शासनाने वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आतील इतर मागास व आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. ती मिळण्याच्या दिवशी गावी धावावे लागू नये.

विद्यार्थी मित्रांनो, आतापर्यंत मी तुमच्या आई-अब्बांशी बोललो. आता तुमच्याशी दोन शब्द. घरात गाव बदलण्याची बोलणी चालू असतील तर तुम्ही गप्प बसू नका. अदबीने सांगा की शाळा पाहावयास मलाही न्या. विशेषतः मुलींनी घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता एकदा स्वतः चालून पाहावा, तोही शाळा सुटण्याच्या वेळी. रस्त्यावर दिवे आहेत काय, दुकाने उघडी असतात काय, इतर मुली त्या वाटेने जातात काय, हे मोठ्यांना मोटारसायकलवरून दिसत नाही.

नव्या वर्गात पहिले दोन महिने जड जातात. तुमच्या बोलीला कोणी हसेल. गावचा एखादा मुलगा वर्गात सापडला की त्याच्याच बाकावर वर्षभर बसावेसे वाटेल. बसा, पण मधल्या सुटीत दुसऱ्यांत मिसळा. पहिल्या चाचणीत गुण कमी पडले तर घरी लपवू नका. बाईंना किंवा सरांना सांगा की मी अमुक गावाहून, अमुक माध्यमातून आलो आहे. शिक्षकाला ते सांगितल्याशिवाय कळत नाही, साठ मुलांच्या वर्गात तर नाहीच नाही. आणि जुन्या शाळेतील एखाद्या सरांचा नंबर जवळ ठेवा.

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्या शाळेचे कार्यालय सकाळी उघडे असते. ज्यांना जावयाचे आहे त्यांनी मुलांचे जन्मदाखले व आधार कार्डे घेऊन यावे, नावे आपण समोरासमोर बसून ताडून पाहू. कोणत्या गावी जावयाचे हे अजून ठरले नसेल तरीही या. त्या गावात आमच्या ओळखीचे शिक्षक असले तर तेथील अकरावीची चौकशी आम्हीच फोनवर करून देऊ.